पोचपावती

लामझिराच्या नावाचं समन्स
लामझिरानंच वाटलं.
सकाळी थैली टेबलावर उपडी केली,
पेन्शनची पाकिटं एकीकडे, विजेची बिलं दुसरीकडे,
आणि मधे ते. कुतैसीच्या कोर्टाचा शिक्का.
देणाऱ्याच्या रकान्यात सही केली,
घेणाऱ्याच्या रकान्यात पुन्हा तीच सही,
आणि थैली खांद्याला लावून निघाली,
कारण मंगळवार होता
आणि वरच्या वाडीतले म्हातारे वाट बघत होते.

पुलावर त्या दिवशी आपण किती होतो
ते मी तुम्हाला काय सांगणार?
धरणाची यंत्रं पलीकडे, आपण अलीकडे,
नोदारच्या मेंढ्या अधेमधे.
आता कागद म्हणतो, पुलावर एक बाई होती.
एकटी.
अकरा तास तिनं रस्ता अडवला
आणि शिपायाच्या खांद्यावर वार केला
नऊ किलो वजनाच्या शस्त्रानं.

नऊ किलो!
मी हसले वाचून. मग हसू घशातच अडकलं.
त्या शस्त्रात तुझ्या मुलाचं पोलंडहून आलेलं पत्र होतं, त्सियाला.
ओमारीच्या मोतीबिंदूची तारीख होती.

दुकानात मी डबा ठेवला,
आलुबुखारच्या चटणीचा, धुऊनही वास न गेलेला.
झाकणाला फट पाडली.
पंधरा दिवसांत भरला, खोटं कशाला बोलू.
कुणी वासरू विकून टाकले,
कुणी अक्रोडाचं पोतं आणून दाराशी टेकवलं,
आणि ज्याचा खांदा दुखावला म्हणतात
त्या शिपायाची आई अंधार पडल्यावर आली,
चीजचा गोल गल्ल्यावर ठेवला,
नाव लिहू नकोस म्हणाली.

डबा घेऊन मी शहरात गेले.
वकील म्हणजे एक पोरगी, सर्दीनं बेजार,
केसांत पेन्सिल खोचलेली.
तिनं मोजले, पावती दिली, नाक पुसलं.
म्हणाली, पैसे पुरतील. माणसं किती?
कसली माणसं?
'मीही पुलावर होतो' असं
कोर्टात उभं राहून सांगणारी.

परतीच्या बसमधे रिकामा डबा
मांडीवर वाजत राहिला.

मला कळतं.
झुराबची नोकरी कंपनीत. मनानाच्या लेकीची शिष्यवृत्तीही त्यांचीच.
आणि माझी उधारीची वही उघडून बघा,
निम्मी नावं त्यांच्याच मजुरांची,
सिगरेटी, साबण, रविवारची दारू.
मी कुठली धुतल्या तांदळाची?
पंधरा दिवस डबा पुढे होता
आणि मी डब्याच्या मागे.

पण आठवा जरा.
तिला माहीत आहे कुणाचा कुत्रा चावतो,
कुणाला वाचता येत नाही
आणि कोण चष्मा विसरल्याचं सोंग करतं.
तिनं बिलं दाराखालून सरकवली, वाईट बातमी कधीच नाही.
दार वाजवलं. आत आली. बसली.
माझ्या नवऱ्याची तार आली तेव्हा
ती चुलीपाशी बसून राहिली उजाडेपर्यंत,
दुसऱ्या दिवशीची टपाल उशिरा वाटली
म्हणून तिचा पगार कापला होता.
आता बातमी तिची आहे
आणि आपण फटीतून नोटा सरकवतो,
तोंडात मिठाची गुळणी धरून.

तर ऐका.
गुरुवारी पहाटे पाचला
ओमारीचा अक्रोडाचा ट्रक दुकानासमोर उभा राहील.
मागे वारा लागेल, घोंगडी आणा.
ओळखपत्र आणा. भाकरी मी भाजते.
झुराब, तू येऊ नकोस म्हणालास तरी
तुझ्या नावाची जागा धरून ठेवीन,
चाकावरची, तिथे धक्के जास्त बसतात.

उधारीची वही मी उलट बाजूनं उघडली आहे.
वर लिहिलंय, पुलावर होते.
पहिली सही माझी, वाकडी आलीय, हात थरथरला.
पेन दोरीला बांधलंय.
शाई जरा गळते.
बोटाला लागली, तर लागू दे.